मधे आलेली फांदी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. लग्नात मिरवणारा नव्हे हं! झाडाला पट्ट्याने बांधून ठेवतात, तसला. मला ट्रेल कॅमेरा म्हणतात. समोर काही ऊबदार हललं की मी आपोआप फोटो टिपतो. बटण दाबायला कुणी लागत नाही आणि मला डोळाही मिटता येत नाही. एका सकाळी तो मिटता आला असता तर किती बरं झालं असतं!

कारखान्यात एका बाईने माझं झाकण घट्ट लावलं आणि मला पाण्याच्या फवाऱ्याखाली धरलं. आत थेंबही गेला नाही. तिने माझ्या पाठीवर थाप मारली. तेव्हापासून मला कौतुकाची चटक लागली ती लागलीच.

मला घरी आणलं काकांनी. काकांचा उभा जन्म दवाखान्यात एक्स-रे काढण्यात गेला. "गळ्यातलं काढा, श्वास रोखा, हलू नका," हे ते झोपेतही म्हणायचे. काकू जिन्यावरून पडल्या, कमरेचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांच्या खिडकीतून नुसतं आभाळ दिसायचं. परसातली वर्दळ त्यांना बघायला मिळावी म्हणून काकांनी मला झुडपासमोर बांधलं.

मग काय विचारता! पाण्याच्या थाळीपाशी मुंगूस यायचं, गाल फुगवून खार यायची. शेजारचा बोका तर थाळीत पाय घालून बसायचा. "बघा, घर याच्या बापाचं!" म्हणत काकू पोट धरून हसायच्या. त्या हसल्या की काकांचं जेवण दोन घास जास्त व्हायचं, आणि मी आपला मनातल्या मनात फुगायचो.

मग त्या झुडपात बुलबुलांनी घरटं केलं. पिल्लं झाली. घरट्यासमोर एक पानांनी भरलेली फांदी होती. ऊन तापलं, वारा सुटला की ती हलायची आणि मी वेडा तिचेच फोटो काढत सुटायचो.

"पुन्हा फांदी! अख्खं कार्ड फांदीने भरलंय," काका वैतागले. "छाटूनच टाकतो."

"अहो, राहू द्या ती," काकू म्हणाल्या. "बाळंतिणीच्या दारावरचा पडदा आहे तो."

"अगं, तुलाच नीट दिसावं म्हणून म्हणतोय."

"मला नाही दिसलं तरी चालेल."

पण मधे काही आलेलं काकांना आयुष्यात कधी खपलं नव्हतं. दुपारी काकूंचा डोळा लागला तसे ते कात्री घेऊन आले. खरं सांगतो, मला आनंद झाला. पहिल्यांदाच समोर सगळं लख्ख दिसलं: तीन उघड्या चोची, आतून लाललाल.

तो फोटो बघून काकू हरखल्या. मग म्हणाल्या, "फांदी कुठे गेली?"

"वाऱ्याने सरकली असेल," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कावळा आला. कुंपणावर बसला, मान वाकडी करून त्याने घरट्याकडे पाहिलं. त्यालाही सगळं लख्ख दिसत होतं. बुलबुलांनी जिवाच्या आकांताने आरडाओरडा केला, त्याच्या अंगावर झेपा घेतल्या. मी फोटो काढत राहिलो. एकही हलला नाही, मित्रांनो. माझ्या आयुष्यातले सर्वांत स्वच्छ फोटो ते.

काका ते बघून पायरीवरच बसले. बऱ्याच वेळाने आत गेले. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"पिल्लं उडाली गं."

"अहो, पिसंसुद्धा फुटली नव्हती त्यांना."

 मग काकांनी सांगूनच टाकलं. "फांदी मी छाटली. कावळ्याने नेली पिल्लं. तुझ्याशी खोटं बोललो मी."

"मी सांगत होते," असं काकू म्हणाल्या असत्या तर काकांना हलकं तरी वाटलं असतं.  पण त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

काका बाहेर आले आणि छाटलेली फांदी सुतळीने पुन्हा जागेवर बांधू लागले.  पानांनी केव्हाच माना टाकल्या होत्या. तेवढ्यात बुलबुलाची मादी आली. तिच्या चोचीत अळी होती. घरट्याच्या काठावर बसून तिने आत पाहिलं, मग इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि अळी तशीच घेऊन उडून गेली. तोही फोटो निघाला. काकांनी तो काकूंना दाखवला नाही आणि पुसलाही नाही.

आता काकू काठी टेकत परसात येतात. झुडूप पुन्हा भरलंय. माझ्यासमोर नवी फांदी आली आहे आणि काका तिला हात लावत नाहीत. माझी काच धुरकट झाली आहे, कौतुक कधीच संपलं. कार्डात पानंच पानं. तरी रोज सकाळी दोघं ते फोटो एकेक करून बघतात.

"मागे कुणी असेल का गं?" काका हळूच विचारतात.

"असेल," काकू म्हणतात. "असू दे."

मित्रांनो, तुम्हीही पाखरं बघा, हौसेने बघा. पण त्यांच्या दारावरचा पडदा सारू नका. माझ्यापाशी ते स्वच्छ फोटो अजून आहेत. ते बघायला मात्र कुणी मागत नाही.