वैष्णवीच्या छातीतली गुणगुण

मित्रांनो, मी एक जुना आणि भयंकर संशयी स्टेथोस्कोप आहे! कर्वेनगरच्या शेफाली डॉक्टरांना मी त्यांच्या सरांकडून मिळालो. आमच्या कामात विश्वास ठेवून चालतच नाही. खोकला, श्वास, पोटातली गुरगुर, माझ्या लेखी सगळे संशयित!

मागच्या महिन्यात मांजरी गावाहून वैष्णवी आली, वडिलांबरोबर. कबड्डीच्या संघात तिची निवड झाली होती, फक्त डॉक्टरांनी 'तब्येत ठीक' म्हणायचं बाकी होतं. मी तिच्या छातीला टेकलो आणि दचकलोच. दोन ठोक्यांच्या मध्ये तार छेडल्यासारखी गुणगुण! म्हटलं, सापडला चोर!

"थोडा आवाज येतोय," डॉक्टर म्हणाल्या.

झालं! तिचे वडील, संभाजीकाका, ताडकन उठले. "बास. खेळ बंद."

"पप्पा! काल आख्खा संघ बाद केला मी!"

"म्हणूनच झालं असंल!" मग ते माझ्याकडे रोखून बघू लागले. "का हे नळकांडंच बिघडलंय, डॉक्टर?"

माझ्यावर संशय! डॉक्टरांनी मला सरळ काकांच्या कानात अडकवलं. आधी त्यांची स्वतःची छाती ऐकवली. स्वच्छ. मग वैष्णवीला झोपवून तिची. गुणगुण मोठी झाली. काकांचा चेहरा उतरला.

"आता उभी राहा गं."

गुणगुण विरत गेली. मला तर पटेचना!

डॉक्टर काकांना म्हणाल्या, "नळाला पाणी जोरात आलं की आवाज होतो ना? तसा हा रक्त वाहण्याचा आवाज. धाप नाही, चक्कर नाही. हृदयाची सोनोग्राफीही करून पाहू."

दोन दिवसांनी तीही स्वच्छ आली. डॉक्टर म्हणाल्या, "निरुपद्रवी आहे."

"पण आवाज तर हाय ना!"

"आहे. तुम्ही घोरता तेव्हाही असतोच की."

काकांना हसू आलं नाही. "दम धरून दाखव," ते पोरीला म्हणाले.

वैष्णवीने श्वास भरला. कबड्डी-कबड्डी-कबड्डी... दवाखाना दणाणला! काकाही समोर श्वास रोखून उभे. त्यांचा चेहरा लाल झाला, डोळे मोठे झाले, आणि आधी त्यांचाच दम सुटला. ती चालूच!

"जा," काका धापा टाकत म्हणाले. "खेळ जा."

मित्रांनो, माझी नळी मुडपून खिशात कोंबू नका, मला उन्हात टाकू नका. संशय जरूर घ्या, नीट तपासा, पण तपासून झाल्यावर तो सोडूनही द्या. मला अजून ते जमत नाही. वैष्णवी आली की मी पुन्हा कान लावतो. पण तेवढ्यासाठी तिला मैदानाबाहेर बसवू नका!