जयवंतचं गाऱ्हाणं

"बाई, लिफ्ट बिघडलेली नाही. तिसऱ्या मजल्याचं दार कुणीतरी उघडं टाकलंय," लिफ्ट दुरुस्तीला आलेल्या जयवंतने गच्चीवरच्या मशीन रूममधून सांगितलं. तेवढ्यात रश्मीचा फोन आला.

"जया, एक वाजता चारकोपला ये. अनिरुद्ध गाण्याचा क्लास उघडतोय, आपल्या जुन्या गाळ्यात. नारळ फोडायचाय."

"मग फोडा ना. मी कशाला?"

"गाऱ्हाणं कोण घालणार?"

"त्याने बोलावलंय?"

"मी बोलावतेय. नाटकं करू नकोस यार."

फोन ठेवल्यावर जयवंतचं कामात लक्ष लागेना. हातातला पाना तो कठड्यावर वाजवत बसला.

अकरा वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचा 'सेक्टर आठ' नावाचा रॉक बँड होता. जयवंत ड्रमवर, रश्मी बेसवर, नितेश गिटारवर आणि गायला अनिरुद्ध. नितेशच्या काकांच्या गाळ्यात सराव चाले, आणि सरावापेक्षा भांडणंच जास्त. नितेश महिन्यातून दोनदा बँड सोडून जायचा. अनिरुद्ध प्रत्येक ओळ अर्धी मात्रा आधी उचलायचा आणि जयवंत त्याला ड्रमच्या काठ्या फेकून मारायचा. पण ही मंडळी स्टेजवर चढली की पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. त्यातलं निम्मं श्रेय गाऱ्हाण्याचं. पहिल्या कार्यक्रमाला जयवंत घाबरला होता, म्हणून त्याने मालवणकडे कुठल्याही कामाआधी घालतात तसं देवाला गाऱ्हाणं घातलं. समोरच्या कोकणातल्या पोरांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ दिली, आणि तीच बँडची ओळख झाली. तीन वर्षांत ते अंधेरीच्या मैदानावर पोचले. समोर तीन हजार माणसं.

स्टेजवर चढायच्या दहा मिनिटं आधी जयवंतला कळलं, की अनिरुद्धने एका कंपनीशी एकट्याच्या नावाने करार केलाय. जयवंतचं डोकंच फिरलं. स्टेजवर गेल्यागेल्या त्याने गाऱ्हाण्यासाठी माईक घेतला.

"जो कोण दोस्तांका इचारल्याबिगर कागदार सही करता, तेचो गर्व उतरव रे म्हाराजा."

तीन हजार माणसं मजेत ओरडली, "व्हय म्हाराजा."

अनिरुद्ध स्टेजवरून उतरून निघून गेला आणि बँड तिथेच संपला. वर्षभरात ती कंपनीही बुडाली. आपल्याच तोंडाने त्याचं वाटोळं झालं, हे जयवंतच्या मनात घर करून बसलं. त्यानंतर त्याने घरच्या गणपतीलाही गाऱ्हाणं घातलं नाही. माफी मागायला तो दोनदा अनिरुद्धच्या दारापर्यंत गेला आणि बेल न वाजवता परत आला.

गाळ्याला नवा रंग दिला होता. सतरंजी, दोन हार्मोनियम, भिंतीला टेकवलेला तंबोरा. अनिरुद्धचे कानशिलावरचे केस पांढरे झाले होते.

"आलास," तो म्हणाला.

नितेश दुबईला, म्हणजे तिघेच. जयवंतचा फोन वाजत होता. त्याने तो बंद केला आणि नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो जो क्लास सुरू होता हा, तेका बरकत दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," रश्मी एकटीच म्हणाली.

"हयसर येतीत त्या पोरांचो गळो गोड कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

अनिरुद्ध हाताची घडी घालून जमिनीकडे बघत होता.

"आणि अकरा वर्सांमागे ह्या तोंडातसून जा काय वायट इला, ता..."

पुढचं येईना. नारळ घामाने निसटायला लागला.

"व्हय म्हाराजा," अनिरुद्ध म्हणाला.

जयवंतने वर पाहिलं. "अजून लवकर उचलतोस."

"अकरा वर्षं झाली रे. अजून किती थांबू?"

नारळ फुटला. रश्मीने पेढे दिले. बँडचा विषय कुणी काढला नाही. दोन वाजता जयवंत निघाला, तेव्हा अनिरुद्धने नारळाची एक वाटी त्याच्या पिशवीत टाकली.

फोन चालू केल्यावर आठ मिस्ड कॉल. सेक्टर दोनमधल्या सात मजली इमारतीची लिफ्ट बंद होती. जयवंत जिन्याने चढायला लागला. पिशवीतली वाटी प्रत्येक पायरीला पान्यावर आपटत होती. फडक्यात गुंडाळली असती तर आवाज थांबला असता. त्याने ती तशीच राहू दिली.