ओठांपुरता सिनेमा

मास्तर काही शाळेत शिकवत नव्हता. डबिंग करून घ्यायचा. परक्या भाषेतले सिनेमे यायचे, त्यातल्या नटांच्या तोंडी आपली भाषा बसवायची, एवढंच काम. पण कोणाचा उच्चार जरा घसरला की पुन्हा म्हणायला लावायचा, म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. बायकोसुद्धा. भांडताना तर हमखास.

स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. एकीत माईक, एकीत मशीन, मधे काच. भिंतीवरचा स्पंज कोपऱ्यातून सुटलेला. मास्तर तो चिकटवायचा, तो परत सुटायचा. दोघंही आता कंटाळले होते.

आणि सिनेमा? तो हल्ली दिसायचाच नाही. खरंच. कुठल्यातरी डबिंगवाल्याकडून एकदा एक सिनेमा फुटला. थिएटरात यायच्या आधीच लोकांच्या फोनवर. तेव्हापासून कंपन्यांनी असा धसका घेतला की विचारू नका. आता कॉपी यायची ती अख्खी काळी. जो बोलतोय त्याच्या तोंडापुरतं गोल भोक, त्यातून नुसते ओठ दिसायचे. त्यावरही स्टुडिओचं नाव आडवं छापलेलं. संगीत काढून टाकलेलं, आणि आवाजात मधेच पीं करून शिट्टी, म्हणजे कोणी चोरलं तरी उपयोग नको. प्रसंगही सुटे, उलटसुलट क्रमाने यायचे. कोण उभंय, कोण झोपलंय, कोण कुणाशी बोलतंय, काही पत्ता नाही. ओठ हलले की बोला, मिटले की गप्प बसा.

"हे म्हणजे किल्लीच्या भोकातून संसार करणं झालं रे," मावशी म्हणायच्या.

या मावशी मास्तरच्या नात्यातल्या नव्हेत. सगळ्या लाईनीच्याच मावशी. आयुष्यभर त्यांनी शेजारणी, नर्सा, चेटकिणी केल्या. गर्दीत किंचाळणारी बाई हवी असली की मावशींना फोन. साठी उलटल्यावर पहिल्यांदा मुख्य बाईचा आवाज मिळाला होता. आईचं काम. शेवटी पडद्यावर नाव येणार होतं. मावशींनी ते मास्तरकडून तीनतीनदा वदवून घेतलं होतं.

काम छान झालं. एका वाक्याशी जरा अडलं होतं. आई मुलाला उठवते, "ऊठ की रे. किती झोपशील? सगळे खोळंबलेत." मूळ नटी हे लाडात रागावल्यासारखं म्हणत होती. शेवटी तिचे ओठ थरथरले आणि नेमकी तिथेच शिट्टी वाजली. मास्तरला वाटलं, हसतीये.

"मावशी, शेवटी जरा हसा. लाडाने."

मावशी हसल्या. काय गोड हसल्या! कंपनीनेही पास केलं. तिथले तपासणारे तरी काय बघणार, त्यांच्याकडेही तीच काळी कॉपी. ओठाला शब्द बसला, संपलं.

मग रविवारी मेव्हणा जेवायला आला.

"भाऊजी, तुमचा सिनेमा बघितला."

"कसा बघितलास? अजून लागायचाय तो."

"फुटलाय की. मूळ भाषेत आहे, खाली अक्षरं येतात. काय राव सिनेमा! ती आई पोराला उठवते बघा. मेलेल्या. मी रडत नाही सहसा, पण तिथे गेलो कामातून."

मास्तरचा घास तसाच राहिला.

"मेलेल्या?"

"म्हणजे काय! तुम्हीच केलाय ना सिनेमा? का झोपेत केलात?"

बायको हसली. मास्तर उठला, मेव्हण्याचा फोन घेऊन बाथरूममध्ये गेला, कडी लावली, नळ सोडला. स्वतःच्याच घरात चोरासारखा. तेवढाच प्रसंग बघितला. पलंगावर पोरगा, गळ्यापर्यंत चादर. भिंतीला टेकून माणसं उभी, एकही वर बघत नाहीये. आणि ती बाई वाकून पोराला उठवतीये. हसत नव्हतीच ती. तिचे ओठ तिचं ऐकेनासे झाले होते.

आणि आपण तिथे हसू घातलं. आपणच सांगितलं, लाडाने हसा.

अख्खं थिएटर मावशींवर हसेल. नाहीतर शिव्या घालेल. आयुष्यात एकदा नाव येणार, आणि ते या हसण्याखाली येणार.

परत रेकॉर्ड करायला पाच मिनिटं पुरली असती. पण करारात साफ लिहिलं होतं, ज्याने फुटलेली कॉपी नुसती बघितली, त्याचं काम बंद. शिवाय नवा कायदा आलेला, बघणाऱ्यालाही आत टाकायची सोय असलेला. आणि मास्तरकडे उरलेली कंपनी ही एकच. बाकीच्यांनी आवाजही मशीनकडून काढून घ्यायला सुरुवात केली होती.

सोमवारी सकाळी मावशींचा फोन. "मास्तर, बहीण, तिच्या सुना, सगळ्यांना घेऊन जाणारे मी. पहिल्याच खेळाला!" आवाज लग्नघरातल्यासारखा.

"हो का? वा," मास्तर म्हणाला. फोन ठेवला आणि लगेच कंपनीच्या मॅडमना लावला. विचार केला असता तर लावला नसता.

"मॅडम, एक वाक्य परत घ्यायचंय."

"पास झालंय सगळं."

"मागे खुर्ची करकरलीये."

"आमच्याकडे नाही ऐकू आली. मास्तर, इथे आग लागलीये. सिनेमा फुटलाय, कोणाकडून फुटला ते शोधतायत. तुमची खुर्ची कुठे काढताय?"

"बरं, अभिनय चुकलाय."

"कशावरून?"

आता इथे फोन ठेवता आला असता. बघू नंतर, म्हणता आलं असतं. मास्तरने काचेपलीकडच्या माईककडे बघितलं.

"ती बाई हसत नाहीये. मुलगा मेलाय तिचा."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"बघितलं."

मॅडमच्या मागे कोणीतरी कोणावर तरी ओरडत होतं.

"कशाला सांगितलंत हो? दुसरं काहीतरी सांगायचं."

"खुर्ची सांगितली की."

त्या हसल्या. दमलेलं हसू. "मला हे वर कळवावं लागणार. माझीही नोकरी आहे."

"कळवा. पण आधी वाक्य घेऊ द्या."

"संध्याकाळपर्यंत तुमचं खातं उघडं ठेवते. मग माझ्या हातात नाही."

मावशी संध्याकाळ होताहोता धापा टाकत आल्या. मास्तरने सगळं सांगितलं. कराराचं तेवढं गिळलं. मावशी स्टुलावर बसल्या.

"आणि मी हसले?"

"मी हसायला लावलं."

"दाखव मला ते."

"नको. तुम्ही बघितलेलं नाही, ते तसंच राहू दे."

मावशी माईकसमोर गेल्या. काळा पडदा, भोकात ओठ. मास्तरला वाटलं आता रडतील, गळा काढतील. मनात म्हणालाही, मावशी, जास्त नको. पण त्यांनी रडणं आणलंच नाही. तस्संच, लाडात रागावून, "ऊठ की रे. किती झोपशील? सगळे..." आणि पुढच्या शब्दाला श्वासच उरला नाही. 'खोळंबलेत' नुसतं ओठांतून निसटलं.

फरक म्हटला तर एका श्वासाचा. नीट कान नसेल त्याला कळणारही नाही. मास्तरने पुन्हा ऐकलं. मग पाठवून दिलं.

"झालं?" मावशी बाहेर येत म्हणाल्या.

"झालं."

"पुन्हा एकदा लाव बरं. मला ऐकायचंय."

मास्तरने बटण दाबलं. मशीनने कंपनीच्या खात्याचा पासवर्ड मागितला. घातला. चुकीचा म्हणालं. एकेक अक्षर बघून परत घातला. चुकीचा.

"लाईट गेली का रे?"

"नाही. लाईट आहे."

मावशींनी त्याच्याकडे बघितलं. मग मशीनकडे. मग परत त्याच्याकडे.

"एका वाक्यासाठी?" त्या म्हणाल्या. "वेडा आहेस का तू?"

मास्तर हेडफोनची वायर गुंडाळत बसला.