दोन ओळींची जागा

ते पत्र आलं तेव्हा ग्रंथपालांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. उत्तर उद्या लिहू, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं होतं. त्या उद्याला आता सहा वर्षं झाली होती.

पत्र त्यांनी फाडलं नाही की हरवलं नाही. घरी आणून शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवलं, कारण तिथे ते रोज डोळ्यांसमोर आलं नसतं आणि कधी नाहीसंही झालं नसतं. तेव्हापासून तिसऱ्या खंडातला एखादा शब्द अडला तर ते अंदाजावर भागवायचे. आयुष्यभर पुस्तकं सांभाळलेल्या माणसानं एका बिचाऱ्या खंडाला असं वाळीत टाकावं, याची त्यांची त्यांनाच लाज वाटायची. पण उघडायची हिंमत होत नव्हती. उघडायची गरजही नव्हती म्हणा, पत्र पाठच होतं.

'पुस्तिकेबद्दल काही विचारायचं असल्यास ग्रंथालयाच्या पत्त्यावर लिहावे, असं शेवटच्या पानावर आहे म्हणून लिहिते,' अशी सुरुवात होती. 'कर्करोगामुळे माझा डावा स्तन काढला. त्याच वेळी आकार राहावा म्हणून आत इम्प्लांट बसवलं. मग किरणोपचार झाले. पहिले काही महिने सगळं ठीक होतं. आता दीड वर्षानं ती बाजू कडक झाली आहे आणि वर, काखेकडे ओढली गेली आहे. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा सरळ बसला की नाही हे बघण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे एक बाजू वर गेलेली मला इतरांपेक्षा जास्त दिसते. तुमच्या पुस्तिकेत पान चौदावर लिहिलंय, सर्व सूचना पाळल्यास आकार चांगला राहतो. मी पुस्तिका पाच वेळा वाचली. सगळं पाळलं होतं. फक्त तीन महिन्यांनी एकदा मुलीला कडेवर घेतलं. ती तीन वर्षांची आहे. सासूबाई म्हणतात, त्यानंच सरकलं. तेव्हापासून मी तिला उचलत नाही. ती हात वर करून उभी राहते, मग मीच खाली बसते. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांच्याकडे गेले नाही. माझ्याकडून कोणती सूचना राहिली, तेवढं एका ओळीत कळवा. पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट सोबत ठेवलं आहे.'

तिच्याकडून कोणतीच सूचना राहिली नव्हती. राहिलं होतं ते दीड पान, आणि ते ग्रंथपालांनी काढलं होतं.

रुग्णालयाचं ग्रंथालय म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. तिथे डॉक्टरांची मासिकं लावायची, जुनी बांधून घ्यायची आणि रुग्णांसाठी निघणाऱ्या पुस्तिका तयार करायच्या, हे ग्रंथपालांचं काम. या पुस्तिकेचा मजकूर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच हातानं लिहून दिला होता. छापखान्याचा फर्मा, म्हणजे एकदम छापून घडी घालायचा ताव, सोळा पानांचा. मजकूर झाला साडेसतरा पानं. म्हणजे दीड पान कमी करणं आलं. दीड पानाच्या दोनच गोष्टी होत्या. एक, सुरुवातीचा अध्यक्षांचा संदेश. दुसरी, 'नंतर आकार बिघडण्याची कारणे'.

अध्यक्षांच्या संदेशाला हात लावायचा, हा विचार ग्रंथपालांच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि आला तसाच मान खाली घालून निघून गेला.

पण खरं कारण तेवढंच नव्हतं, आणि ते त्यांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. छापखान्यात प्रुफं दोघांनी मिळून तपासायची रीत होती. ग्रंथपालांनी मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि छापखान्यातल्या माणसानं छापलेल्या कागदावर बोट फिरवत यायचं. तिथे यंत्राजवळ चार माणसं, बांधणीला दोन बाया. बाकी पुस्तिकेत 'शस्त्रक्रियेची जागा' एवढ्यावर भागलं होतं, पण त्या दीड पानात 'स्तन' हा शब्द सगळ्यांच्या देखत अकरा वेळा उच्चारायचा होता. ग्रंथपालांनी मोजलं होतं. शाळेत कविता म्हणायला उभं केलं तरी जे पहिल्या ओळीनंतर खाली बसायचे, त्यांच्या जिवाला हा घोर आठवडाभर लागला. शेवटी एका दुपारी त्यांनी ते दीड पान बाजूला काढलं, त्याच्या जागी दोन ओळींचं एक वाक्य घातलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. वाक्य नेटकं होतं. सर्व सूचना पाळल्यास आकार चांगला राहतो.

या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग पुढेच होता. ग्रंथपालांची बायको त्याच रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाची मुख्य परिचारिका होती. सगळं रुग्णालय तिला 'सिस्टर' म्हणायचं, तेवढी सोय एकट्या ग्रंथपालांना नव्हती. त्या बाईच्या पत्राचं उत्तर देऊ शकेल असं माणूस सहा वर्षं त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसत होतं.

परवा छापखानेवाल्याचा फोन आला. "साहेब, तुमची ती पुस्तिका नवव्यांदा निघतेय. रुग्णालयात आता हे बघायला कुणी नाही. प्रुफं तुमच्याकडे पाठवतो. काही असेल तर टिंब-बिंब बघून घ्या."

पाकीट सकाळी आलं. ग्रंथपाल अंघोळीला गेले होते, म्हणून बायकोनं उघडलं. ते बाहेर आले तेव्हा ती खिडकीशी बसून वाचत होती आणि पुढ्यातले मटार अर्धवट सोललेले तसेच पडले होते.

"अहो, हे कुणी लिहिलंय?"

"कुठलं?"

"पान चौदा. सूचना पाळल्यास आकार चांगला राहतो."

ग्रंथपालांनी टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला, उचलला, पुन्हा टाकला. "मी. म्हणजे, संक्षेप केला होता."

"संक्षेप कशाचा? हे चक्क खोटं आहे. आम्ही वॉर्डात ही पुस्तिका बायकांच्या हातात द्यायचो. मी आजवर उघडूनही बघितली नाही. म्हटलं, तुम्ही केलीय, म्हणजे चोख असणार."

ग्रंथपाल आतल्या खोलीत गेले, तिसरा खंड काढला आणि पत्र आणून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते एकदा वाचलं. मग तारीख बघितली आणि पुन्हा वाचलं.

"सहा वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"मी इथेच होते. या खुर्चीत."

"तुला कसं दाखवणार?"

"का, खाल्लं असतं मी तुम्हाला?"

"तू खरं काय ते सांगितलं असतंस. मग मला ते लिहावं लागलं असतं."

बायकोनं पत्राची घडी घातली आणि खिडकीबाहेर बघितलं. रस्त्यापलीकडे कुणी तरी गाडी धूत होतं, पाणी गटारापर्यंत ओघळत होतं. ती बोलली तेव्हा आवाज वॉर्डातला होता, सपाट आणि कामाचा.

"पोर उचलून हे होत नाही. जड उचलायचं नाही ते पहिले सहा आठवडे, आणि हिनं तीन महिने कळ काढली. आत परकी वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती व्रणाचं आवरण धरतं. सगळ्यांचंच धरतं. कुणाचं पातळ राहतं. कुणाचं जाड होऊन आवळत जातं, मग आतलं इम्प्लांट कडक लागतं आणि वर ढकललं जातं. किरणं दिलेली असली तर हे जास्त. ती सूचना पाळो नाही तर न पाळो."

"डॉक्टरांनीही असंच काहीसं लिहिलं होतं."

"आहे ते अजून?"

होतं. ग्रंथपाल काहीच टाकत नसत, हा त्यांचा गुणही होता आणि रोगही. कपाटाच्या वरच्या फळीवरच्या फाइलीत दीड पान पिवळं पडून बसलं होतं. आवरण आवळणे. इम्प्लांट जागचे हलणे किंवा फिरणे. वरची त्वचा पातळ असल्याने कडा आणि सुरकुत्या दिसणे. आत रक्त साचणे, जंतुसंसर्ग होणे. इम्प्लांट फुटणे. आणि शेवटी एक ओळ : बहुतेक वेळा यात रुग्णाची चूक नसते, हे तिला स्पष्ट सांगावे.

ही ओळ तेव्हा वाचल्याचं ग्रंथपालांना आठवत होतं. तेव्हा ती त्यांना पाल्हाळ वाटली होती.

दुपारभर ते टेबलाशी बसले. पहिला खर्डा तीन पानांचा झाला. त्यात फर्म्याचं गणित होतं, अध्यक्षांचा संदेश होता, मोठ्यानं वाचायची रीत होती, क्षमेचे चार निरनिराळे शब्द होते. बायकोनं वाचला आणि परत दिला.

"हे सगळं तुमच्याबद्दल आहे."

"क्षमा मागायला नको?"

"मागा की, पण शेवटी. तिनं एक ओळ मागितली होती. आधी ती द्या. आणि हे काय, 'वक्षस्थळ'? तिनं साधा शब्द लिहिलाय, तुम्हाला काय धाड भरलीय?"

ग्रंथपालांनी कोरा कागद घेतला. मध्येच हात थांबला. "तिची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती," ते म्हणाले.

"हो."

"आता नऊ."

बायकोनं हिशेब आधीच केला असावा, कारण ती मटाराच्या शेंगांवरून नजर न काढता म्हणाली, "हं."

"नऊ वर्षांच्या मुलीला कडेवर कोण घेतं?"

आणखीही एक गोष्ट दोघांच्या मनात होती, तिचा उच्चार कुणीच केला नाही. कर्करोगाच्या बाईच्या पत्त्यावर सहा वर्षांनी पत्र धाडताना जे मनात येतं, तेच. बायको एवढंच म्हणाली, "परत आलं तर परत आलं. तुम्ही लिहा."

शेवटी पत्र अर्ध्या पानाचं झालं. 'तुमच्याकडून कोणतीही सूचना राहिली नव्हती. मुलीला उचलल्यामुळे हे झालेलं नाही. किरणोपचारांनंतर इम्प्लांटभोवतीचं आवरण जाड होऊन आवळतं आणि स्तन कडक होतो, वर ओढला जातो. हे पुष्कळ जणींना होतं. यावर इलाज असतो : आवळलेलं आवरण काढता येतं, इम्प्लांट बदलता येतं किंवा काढून टाकता येतं. दुखत असेल किंवा नसेल, तरी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना दाखवा. ते रागावणार नाहीत. पुस्तिकेतलं वाक्य चुकीचं होतं आणि ते मी लिहिलं होतं. उत्तराला सहा वर्षं लागली, त्याला माझ्या भित्रेपणाखेरीज दुसरं कारण नाही. मला क्षमा करा असं म्हणायचाही संकोच वाटतो. सोबत डॉक्टरांच्या दीड पानाची नक्कल जोडली आहे. सासूबाईंनाही दाखवा.' शेवटचं वाक्य बायकोनं घालायला लावलं होतं.

मग त्यांनी छापखान्याला फोन केला. दीड पान परत घालायचं आहे म्हणाले.

"कुठे घालू साहेब? फर्मा सोळाचाच. वर नवीन अध्यक्ष आलेत, त्यांना संदेशाबरोबर फोटो हवाय. मीच चिंतेत आहे, फोटो कुठे कोंबू. तुमच्या त्या दोन ओळींच्या जागी दोन ओळी देत असाल तर द्या, त्याहून जास्त जागा नाही."

ग्रंथपालांनी प्रूफ पुढ्यात ओढलं, जुनं वाक्य लाल शाईनं खोडलं आणि समासात नवीन लिहिलं. एकदा लांबलं, एकदा आखूड झालं. तिसऱ्यांदा बसलं : 'स्तनाचा आकार नंतर बिघडू शकतो. त्यात बहुधा तुमची चूक नसते. डॉक्टरांना दाखवा.' त्यांनी अक्षरं मोजली. बरोबर दोन ओळी.

पुन्हा मोजली. दोनच ओळी. खरं लिहायलाही पहिल्यापासून तेवढीच जागा पुरली असती.

ते तसेच पेन हातात धरून बसून राहिले. बायकोनं विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "बसलं." ती समजली की नाही कोण जाणे.

छापखान्यानं पुन्हा फोन केला तेव्हा फोनवरच मजकूर सांगावा लागला. ग्रंथपाल पहिल्या शब्दाशी क्षणभर अडखळले, मग वाचत गेले. पलीकडच्या माणसानं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि फोन ठेवला. बस, इतकंच. कुणीही हसलं नाही. बहुधा तेव्हाही कुणी हसलं नसतं.

त्या बाईनं पाठवलेलं पाकीट पत्राबरोबर खंडात दाबून राहिल्यामुळे इस्त्री केल्यासारखं सपाट होतं. पत्ता तिच्याच हातचा, अक्षर गोल आणि सरळ रेषेत. गोंद पार वाळला होता. ग्रंथपालांनी पुस्तकबांधणीची खळ बोटानं लावली आणि कड अंगठ्यानं दाबून धरली. तिकिटाचे दर सहा वर्षांत वाढले होते, म्हणून तिच्या तिकिटाशेजारी आणखी दोन लावावी लागली.

टपालपेटी गल्लीच्या टोकाला, औषधांच्या दुकानाबाहेर होती. तिथवर पोचेपर्यंत त्यांना तीनदा वाटलं की घरी जाऊन दुसऱ्या परिच्छेदातला एक शब्द बदलावा. पेटीच्या तोंडाशी पाकीट धरून ते थोडा वेळ उभे राहिले. मागे एक बाई हातात तीन पाकिटं घेऊन थांबली होती.

"काका, टाकताय ना?"

"हो हो," ते म्हणाले, "टाकतोय," आणि बोटं सोडली.