तृप्तीचे उपास

दैवशालाला आपल्या लेकीचं फार कौतुक होतं, आणि ते ती लपवीतही नसे. तृप्ती आठवीत होती. श्रावणात तिनं सोमवार धरले, ते श्रावण सरला तरी सोडले नाहीत. मग मंगळवार आला, गुरुवार आला, शुक्रवार आणि शनिवारही आले. तीर्थपुरीत त्यांच्या गल्लीत असं दुसरं पोर नव्हतं.

"लेक न्हाई बाई, साध्वी हाय तुझी," शेजारची झुंबरबाई म्हणायची. "आमची नात बघ, कुरकुऱ्याच्या पुड्याबिगर दप्तर उचलत न्हाई."

दैवशाला साबुदाणा भिजत घालायची. तृप्ती म्हणायची, "निरंकार धरलाय, आई. फराळ बी चालत न्हाई." आई मनोमन हात जोडायची. पोरीचा ड्रेस ढगळ झाला तेव्हा तिनं तो दोनदा आत घेऊन शिवला आणि त्यातही तिला पोरीचं तपच दिसलं.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी सकाळी शाळेतून फोन आला. सहाशे मीटर पळण्याची चाचणी होती. तिसऱ्या फेरीला तृप्ती पडली, ती उठलीच नाही.

दवाखान्यात सलाईन लावून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जेवते का ही?"

"उपास असत्यात तिचे," दैवशाला अजूनही अभिमानानंच म्हणाली.

"कोणकोणते?"

ती बोटांवर वार मोजू लागली. मोजता मोजता तिचा आवाज बारीक होत गेला. दोनच वार उरत होते. बुधवारी 'शाळेत खाल्लं' असायचं आणि रविवारी पोट दुखायचं.

"जूनमध्ये एकसष्ट किलो, आज त्रेचाळीस," डॉक्टरीणबाई शाळेचं कार्ड बघत म्हणाल्या. "उद्याच जालन्याला मोठ्या दवाखान्यात न्या हिला."

दुपारी घरी आल्यावर दैवशालानं वरणात भाकरी कुस्करली.

"आज गुरुवार हाय," तृप्ती म्हणाली.

"देवाला मी सांगते. पाप मला लागू दे."

"देव कुठं हाय त्यात, आई?" तृप्ती भिंतीकडं बघत बोलत होती. "जूनमधी सरांनी सगळ्यांची वजनं मोठ्यानं वाचली. माझं आल्तं तवा वर्गातला कल्याण बोलला, सर, सोयाबीनचा कट्टा कुणी आणला? पोतं म्हणला मला. सर बी हसले. तवापासून मी दारात दिसले की पोरं वरडत्यात, कट्टा आला, काटा धरा."

"मंग मला का न्हाई सांगितलंस?"

"तू जेव म्हणली असतीस. उपास म्हणलं की तू गप बसायचीस."

 दैवशालानं घास उचलून पोरीच्या तोंडाशी नेला. तृप्तीनं मुकाट तोंड उघडलं. घास गालात तसाच राहिला.

"गिळ ना गं."

तृप्तीनं डोळे घट्ट मिटले, मान ताणली. गळ्याची शीर वर आली. मग तिनं तो घास आईच्या तळहातावर परत काढला.

"जात न्हाई, आई. मुद्दाम न्हाई करून राह्यले. आता खरंच जात न्हाई."

दैवशालानं हात पदराला पुसला आणि दुसरा घास केला, पहिल्यापेक्षा लहान.