आबांच्या उजव्या कानात

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे. भुईमुगाच्या टपोऱ्या दाण्याएवढे. माझा रंग मुद्दाम कातडीसारखा ठेवला आहे, कारण मी कुणाला दिसू नये अशीच सर्वांची इच्छा असते. माझे बहुतेक आयुष्य लपूनच गेले.

माझे आतले सामान कुठल्याशा दूरच्या कारखान्यातून आले, पण मला आकार मिळाला मलकापूरच्या एका दुकानात. तिथल्या बाईंनी लालासाहेबांच्या उजव्या कानात मऊ लगदा भरला, तो घट्ट झाल्यावर हलकेच काढला आणि त्याबरहुकूम मला घडवले. म्हणून मी जगात दुसऱ्या कुणाच्याही कानात नीट बसणार नाही.

लालासाहेब म्हणजे विट्याकडच्या माळरानाचे आमदार. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांचा डावा कान तरुणपणी फौजेत, तोफखान्यात असतानाच गेला होता. उजवा वयाने मंदावला. आमदाराला ऐकू येत नाही हे कळले, तर पुढच्या खेपेला तिकीट कोण देणार? म्हणून आबा कुणी काही बोलले की हसून मान हलवत आणि म्हणत, "व्हय, बघतो." आमच्या भागात आबांनी मान हलवली म्हणजे शब्द दिला, असेच लोक धरून चालत.

त्यांची पत्नी मनुबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "आवं, उद्या कुणी आपलं घर मागितलं तरी तुमी मान हलवशीला." आबांनी त्यालाही मान हलवली. त्याच आठवड्यात त्यांना मलकापूरला नेण्यात आले.

मी कानात बसल्यावर घरी येऊन आबांनी पहिला प्रश्न विचारला, "अगं, ह्यो कसला आवाज?"

"पंख्याचा. लय वर्सं करकरतोय," मनुबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसून स्वयंपाकघरात गेल्या.

माझी सगळी निगा त्याच राखत. मऊ फडक्याने पुसत. नवा सेल घातला की त्याच्यावरची छोटी चिकटपट्टी कालदर्शिकेवर त्या दिवसापाशी लावून ठेवत, म्हणजे पुढचा सेल कधी लागेल ते समजे. मग आबा वर फेटा बांधत आणि फेट्याच्या कडेखाली मी झाकला जाई.

आता आबांना ऐकू येई, पण एकाच बाजूने. हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हते. घरात ठाऊक होते ते मनुबाईंना आणि पुतण्या ऋषिराजला. आबांचे कागदपत्र तोच बघे. मुलगा हुशार, कष्टाळू आणि घाईचा. लोक येऊन बसत त्या घराच्या दर्शनी सोप्यात आबांच्या उजवीकडे एक गादीची खुर्ची होती. तिच्यावर कोण बसणार ते ऋषिराज ठरवी. डावीकडे भिंतीलगत लांब बाकडे होते. तिथे बाकीचे लोक बसत, मनातले सारे बोलत, आबांची हललेली मान बघत आणि समाधानाने घरी जात. मला त्यांचे बोलणे विहिरीच्या तळातून आल्यासारखे पुसट येई.

मित्रांनो, कायदे मुंबईत होतात असे तुम्ही शाळेत शिकता. ते खरेच आहे. पण कायद्यातला एखादा शब्द आधी कुठल्यातरी सोप्यात, कुणाच्यातरी कानात जन्मतो, हे मी पाहिले आहे.

त्या वर्षी गायरानांच्या जमिनीविषयी एक विधेयक आले होते. आमदारांच्या एका समितीपुढे ते होते आणि आबा तिच्यातले सर्वांत जुने सदस्य. आबांची सही दिसली की बाकीचे वाचत न बसता सही करत. गादीच्या खुर्चीवर तेव्हा एक गृहस्थ येऊ लागले. माळावर सूर्यावरची वीज करणाऱ्या कंपनीचे. आवाज इतका मऊ, की मलाही गुंगी यावी. "आबा, दोनच शब्दांची दुरुस्ती आहे. तुमच्या नावाने गेली की काम झालं."

त्याच सुमारास तानाजी नावाचा मेंढपाळ चार माणसे घेऊन येऊन गेला होता. तो बाकड्यावर बसला होता. आबांनी मान हलवली होती.

सहीचा दिवस उजाडला. मनुबाईंनी अंगणात तानाजी आणि त्याची माणसे पाहिली. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. त्या तशाच आत वळल्या. सोप्यात आल्या, आबांची आरामखुर्ची दोन्ही हातांनी ओढली आणि तोंड उलट दिशेला करून ठेवली.

"काकी, खुर्ची का फिरवली?" ऋषिराजने विचारले.

"ऊन लागतंय त्यांस्नी."

आबा बसले आणि बाकडे उजवीकडे आले.

"आबा, तुमी शब्द दिलासा, म्हणून गावात पेढं वाटलं," तानाजी म्हणाला. "हे तुमच्यासाठी."

मला प्रत्येक शब्द लख्ख ऐकू आला. आबांनाही.

"कसला शब्द?" त्यांनी विचारले.

बाकड्यावरचे लोक एकमेकांकडे बघू लागले. ऋषिराज वाकून पुटपुटला, "आबा, हो म्हणा. नाहीतर कळेल सगळ्यांना."

आबांनी फेटा वर सरकवला, मला कानातून काढले आणि तळहातावर ठेवून हात पुढे केला.

"ह्ये बघा. माझा डावा कान फौजेतच गेला. उजवा ह्याच्यावर चालतोय. गेल्या खेपेला तुमी काय बोललासा, ते मला कळलंच न्हाई."

माझ्यावर पहिल्यांदाच इतके डोळे खिळले होते. मनुबाईंनी पुढे होऊन मला पुन्हा त्यांच्या कानात बसवले.

"मग मान का हलवलीसा, आबा?" तानाजीने हळूच विचारले.

"सवय, गड्या. आता परत सांग."

"माळावर आमची मेंढरं चरत्यात. गावाला इचारल्याबिगर माळ कुणाला देऊ नगा, एवढंच म्हणणं हाय."

आबा पुतण्याकडे वळले. "ऋषी, ती दुरुस्ती वाच. मोठ्यानं."

ऋषिराजने वाचली. 'ग्रामसभेच्या संमतीने' हे शब्द काढून तिथे 'ग्रामसभेला कळवून' असे घालायचे होते.

"कळवून?" तानाजी म्हणाला. "म्हंजी बाराव्याचं जेवाण कळवत्यात, तसं?"

बाकड्यावर हसू फुटले. आबाही हसले, पण त्यांचे डोळे हसले नाहीत.

"ऋषी, मान हलली ती माझीच," ते म्हणाले. "तिला आता खोटं पाडायचं न्हाई." त्यांनी सही केली नाही. मुंबईच्या बैठकीत ती दुरुस्ती दुसऱ्या कुणाच्या नावाने आली, तेव्हा आबांनी सांगितले, "मला ऐकाय कमी येतं. ज्याला बोलायचंय त्यानं उजवीकडं येऊन, मोठ्यानं बोला." मऊ आवाजात सांगायची गोष्ट मोठ्याने सांगणे कुणालाच जमेना. 'ग्रामसभेच्या संमतीने' हे शब्द कायद्यात तसेच राहिले.

पुढच्या निवडणुकीत आबांना तिकीट मिळाले नाही. 'आता त्यांना ऐकू येत नाही,' असे लोक म्हणाले. मी तर कानातच होतो.

आता सोप्यात गर्दी नसते. मीही झिजलो आहे, मधूनच शीळ घालतो. संध्याकाळी मनुबाई गादीच्या खुर्चीवर बसून शेंगा सोलतात आणि दिवसभरातले किरकोळ काहीबाही सांगतात. आबा मधेच म्हणतात, "परत सांग." त्या पुन्हा सांगतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांची निगा राखा. आम्हाला ओल लागू देऊ नका. पण एक मागणे त्याहून मोठे आहे. एखाद्या म्हाताऱ्या माणसाने तुमच्या बोलण्यावर मान हलवली, म्हणून लगेच उठून जाऊ नका. ऐकू आले का, असे विचारा. आणि उत्तर येईपर्यंत त्याच्याजवळ बसा.