मिनिटाला एकवीस

पहिल्या मिनिटात एकोणीस ठोके पडले, दुसऱ्यात तेवीस, मग एकवीस, बावीस आणि वीस. सरासरी एकवीस. चारुशीलाने आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला. जमिनीतून, भिंतींतून, आकाशातून एवढे किरण सगळीकडे येतच असतात, हे तिने सकाळीच दहावीला सांगितलं होतं. किरण मोजायचं हे यंत्र आखातातल्या सालमिया शहरातल्या या शाळेत नवीन होतं आणि एम.एस्सी. करून नुकतीच आलेली चारुशीलाही.

बाहेर धुळीचं वादळ सुटलं होतं. खिडक्यांत भरदुपारी नारिंगी अंधार दाटला होता. समुद्र सोडाच, समोरची इमारतही दिसत नव्हती. मुलांना फिंतास भागात घरी सोडणारी बस वाटेत अडकली होती, म्हणून त्या बसची दोन मुलं प्रयोगशाळेत थांबली होती: मूळची दापोलीकडची युसरा आणि तिच्याच इमारतीतला तौफीक.

युसरा पाणी प्यायला उठली. टेबलाजवळून गेली तसं यंत्र कडकडलं. ती लांब गेली, ते निवलं. ती परत आली आणि पुन्हा कडकड सुरू झाली.

"मॅम, ही बॉम्ब आहे," तौफीक म्हणाला. "बसमध्ये हिला माझ्या शेजारी बसवू नका हां."

"गप रे, शहाण्या!" युसरा हसत म्हणाली.

चारुशीलाही हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. तिने युसराला दप्तर बाहेर ठेवायला लावलं. फरक पडला नाही. बूट काढले, घड्याळ काढलं, तरी तेच. मग तिने यंत्राचं तोंड पोरीच्या पायांपासून सावकाश वर नेलं. ठोके एकमेकांच्या जवळ येत गेले आणि खांद्याशी पोचेपर्यंत त्यांची सलग घरघर झाली. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. ना ऊब, ना वास. समोर फक्त एक मुलगी होती आणि तिच्या डोक्याला बांधलेला पांढरा स्कार्फ.

"घरी कुणी आजारी आहे का गं?"

युसराने तौफीककडे पाहिलं.

"तौफीक, ऑफिसातून प्लास्टिकच्या दोन पिशव्या आण," चारुशीला म्हणाली. "आणि ठोठावल्याशिवाय आत यायचं नाही."

दार लागल्यावर युसरा हळू आवाजात बोलली. "अम्मीला थायरॉइडचा कॅन्सर आहे. अब्बा बोलले, कुणाला सांगायचं नाही. ऑपरेशन झालं, मग किरणोत्सारी आयोडीनचा डोस दिला. आता ती आतल्या खोलीत एकटी असते. जेवण दाराशी ठेवतो. ती तिथूनच मला फोन करते, मॅम. तिचा आवाज आधी भिंतीतून येतो, मग फोनमधून."

"आणि हा स्कार्फ?"

"तिचाच. हॉस्पिटलातून घालून आली तो. वेगळ्या बादलीत टाकला होता. त्याला तिचा वास येतो, म्हणून घेतला. रात्री उशाशी असतो." मग ती घाईघाईने म्हणाली, "पण मी रूल्स पाळले, मॅम. तिच्या जवळ नाही गेले. तुम्हीच शिकवलं ना, किरण पडले म्हणून वस्तू किरणोत्सारी होत नाही?"

शिकवलं होतं, आणि बरोबरच होतं ते. पण औषधच घामातून, थुंकीतून कापडात उतरतं आणि तिथून किरण सोडत राहतं, हा भाग पुढच्या तासावर टाकलेला होता. चारुशीलाने ते आता दोन वाक्यांत सांगितलं.

युसराचा हात गळ्याकडे गेला. "म्हणजे माझ्या आत पण गेलं असेल? आयोडीन गळ्यातच साठतं ना, मॅम?"

"मोजल्याशिवाय नाही सांगता येणार."

दारावर टकटक झाली. फटीतून पिशव्या आत आल्या. "भूत भरणार का मॅम?" तौफीकने बाहेरूनच विचारलं.

चारुशीलाने हातमोजे घालून स्कार्फ पिशवीत बांधला आणि यंत्र त्याला टेकवलं. चारशे बारा. तिने पिशवी मागच्या दाराने नेऊन पलीकडच्या कोठीत ठेवली आणि यंत्र युसराच्या गळ्याशी धरलं.

चौऱ्याहत्तर.

"मॅम, आता तर स्कार्फ पण नाही," युसरा म्हणाली. ती फळ्यावरच्या एकवीसकडे बघत होती.

"कातडीवर असेल. धुतलं की जाईल." कातडीवर नसेल तर काय, हे चारुशीलाने उच्चारलं नाही.

युसराने साबणाने मान, गळा, कान, केस, हात, सगळं धुतलं. पुन्हा धुतलं. निळी झाक असलेला फेस सिंकमध्ये गोल फिरत राहिला. चारुशीलाने स्वतःची ओढणी तिच्या डोक्यावर घातली, गळा तेवढा उघडा ठेवला, आणि हातमोजे बदलून यंत्र सुरू केलं. एक मिनिट.

वारा खिडक्यांवर वाळू फेकत होता. टेबलावर युसराचा फोन थरथरू लागला. पडद्यावर 'अम्मी' उमटलं. युसराने डोळे मिटून घेतले. हात पुढे केला नाही, आवंढाही गिळला नाही. फोन थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकला आणि थांबला. मधूनच एखादा ठोका पडत होता. मग लागोपाठ तीन. मग बराच वेळ काहीच नाही.

मिनिट भरलं. तेवीस. सुरुवातीच्या मोजणीत दुसऱ्या मिनिटाला होते तेवढेच.